एका जुन्या खेळाची पारख

प्रास्ताविक

पुस्तक वाचून झाल्यावर किंवा नाटक, चित्रपट पाहून झाल्यावर त्याच्या गुणदोषांची चर्चा करण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र अशी चर्चा क्वचितच येते. तो एकतर वेळ वाया घालवण्याचे साधन म्हणून हिणवला जातो, नाहीतर बालपणाची आठवण म्हणून डोक्यावर घेतला जातो. दोन्ही प्रसंगी त्या खेळाकडे प्रत्यक्ष पाहणे राहूनच जाते. प्रस्तुत पाठात १९८५ साली जपानमध्ये तयार झालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाची पारख केली आहे. एखाद्या जुन्या वस्तूविषयी मत बनवताना कोणते निकष लावावेत आणि मताला पुराव्याची जोड कशी द्यावी, हे या निमित्ताने समजून घेता येईल.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• आठवण आणि मूल्यमापन यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• मूल्यमापनाचे निकष सांगू शकाल;
• मत आणि त्यामागील पुरावा वेगळे ओळखू शकाल;
• परिचयाच्या एखाद्या खेळाचे गुणदोष स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. खेळ आणि त्याचे यंत्र

जपानमधील क्योतो शहरात १८८९ साली पत्ते तयार करणारी एक छोटी पेढी सुरू झाली. तीच पुढे ‘निन्टेन्डो’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. ते घरच्या टीव्हीला जोडायचे, त्याच्या खाचेत हव्या त्या खेळाची कॅसेट बसवायची आणि हातातील कंट्रोलरची बटणे दाबून खेळायचे, अशी त्याची रचना होती. अशा यंत्राला कन्सोल म्हणतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ या कन्सोलसाठी १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या निर्मितीचे नेतृत्व शिगेरू मियामोतो यांनी केले. ताकाशी तेझुका हे त्यांचे सहकारी होते आणि संगीत कोजी कोन्दो यांनी दिले. या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

भारतात हा खेळ पुष्कळांना वेगळ्याच वाटेने भेटला. १९९०च्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला अनेक शहरांतील बाजारांत मिळू लागल्या. त्यांच्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असे. प्रत्यक्षात तेच थोडे खेळ नावे आणि क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा येत. निर्मात्यांची नावे माहीत नसतानाही त्या काळातील कित्येक मुलांना मारिओ मात्र परिचयाचा झाला.

हा खेळ ‘प्लॅटफॉर्म’ प्रकारचा आहे. पडद्यावर जमीन, विटांचे थर, नळकांडी आणि अधांतरी ओटे दिसतात. खेळगडी त्यांवरून धावतो, उड्या मारतो, खड्डे ओलांडतो, शत्रूंना चुकवतो किंवा त्यांच्या डोक्यावर उडी मारून त्यांना चिरडतो. या खेळात आठ ‘जगे’ असून प्रत्येक जगात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे आहेत. कथा अगदी साधी आहे. एका दुष्ट राजाने राजकन्येला पळवून नेले आहे आणि मारिओला तिची सुटका करायची आहे.

२. आठवण वेगळी, मूल्य वेगळे

सोनार सोन्याचा कस पाहण्यासाठी ते कसोटीच्या दगडावर घासतो. त्या दगडाला संस्कृतमध्ये ‘निकष’ म्हणतात. दागिना आजीचा आहे म्हणून त्यातील सोने अधिक शुद्ध ठरत नाही आणि घडण जुन्या पद्धतीची आहे म्हणून ते हिणकसही ठरत नाही. जुन्या खेळाची पारख करताना नेमक्या याच दोन चुका होतात.

पहिली चूक स्मरणरंजनाची. बालपणीची सुट्टी, भावंडांशी झालेली भांडणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे या साऱ्यांचा आनंद माणूस त्या खेळाच्या खात्यावर जमा करतो. ते प्रेम खरे असते, पण तो त्या दिवसांचा गुण असतो. खेळाचा असेलच असे नाही. दुसरी चूक याच्या उलट आहे. आजच्या खेळांतील हुबेहूब चित्रे डोळ्यांसमोर ठेवून जुन्या खेळातील ठसठशीत चौकटींची चित्रे हास्यास्पद ठरवली जातात. त्या काळी यंत्राला काय शक्य होते, याचा विचार होत नाही.

या दोन्ही चुका टाळायच्या असतील तर तीन प्रश्न विचारावे लागतात. खेळाने काय साधायचे ठरवले होते? त्यासाठी त्याच्या हाती कोणती साधने होती? आणि ज्याला त्या खेळाची कोणतीही आठवण नाही, अशा माणसाच्या बाबतीत तो आजही ते साधतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत सोपी आहे. हा खेळ कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती कंट्रोलर द्यावा, काहीही न सांगता बाजूला बसावे आणि तो कुठे अडतो, कुठे हसतो, कुठे चिडतो याची नोंद करावी.

पाठगत प्रश्न १
(अ) जुन्या खेळाची पारख करताना कोणत्या दोन चुका होतात?
(आ) ‘दागिना आजीचा आहे म्हणून त्यातील सोने अधिक शुद्ध ठरत नाही’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

३. पहिला निकष : हाताला मिळणारी साथ

प्लॅटफॉर्म खेळाचा प्राण उडीत असतो. बटण दाबल्यावर खेळगडी मनातल्याप्रमाणे उडाला नाही, तर बाकीची सजावट व्यर्थ ठरते. मारिओची उडी एकाच मापाची नाही. बटण हलकेच दाबून सोडले तर तो थोडासा उडतो. दाबून धरले तर उंच जातो. दुसरे बटण दाबून ठेवल्यास तो धावू लागतो आणि धावत येऊन मारलेली उडी लांब पडते. हवेत असतानाही त्याची दिशा काही प्रमाणात बदलता येते. वेगात असताना एकदम मागे वळवले तर तो जागच्या जागी थांबत नाही, थोडा घसरतो.

या वागण्यात वजन आहे. ओढा ओलांडण्यासाठी धावत येणाऱ्या माणसाला आपली झेप कुठे पडेल याचा जो अंदाज असतो, तोच अंदाज काही मिनिटांच्या सरावाने मारिओच्या बाबतीतही येऊ लागतो. मग खेळणारा बटणांचा विचार करणे सोडून देतो आणि थेट उडीचा विचार करू लागतो. नियंत्रणाच्या निकषावर हा खेळ आजही उतरतो, असे म्हणण्याला हा आधार आहे.

४. दुसरा निकष : न सांगता शिकवणे

या खेळाचा पहिला टप्पा म्हणजे शब्दांविना घेतलेला एक पाठ आहे. सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, उजवीकडे तोंड करून उभा असतो. उजवीकडे मोकळी जागा दिसते. कुठे जायचे, हे सांगण्यासाठी एकही अक्षर खर्च झालेले नाही.

थोडे पुढे जाताच प्रश्नचिन्ह असलेला एक चमकणारा ठोकळा दिसतो आणि समोरून अळंबीच्या आकाराचा, कपाळाला आठ्या घातलेला ‘गूंबा’ चालत येतो. नवख्याचा पहिला बळी पुष्कळदा इथेच जातो. परंतु आरंभापासूनचे अंतर पावलाभराचे असल्याने त्याचे नुकसान काही सेकंदांपुरतेच होते. दुसऱ्या खेपेला तो उडी मारतो. उडी गूंबावर पडली तर शत्रू चिरडला जातो. ठोकळ्याला डोके लागले तर नाणे मिळते. एका उडीतून दोन नियम कळतात.

लगेच पुढे विटांच्या ओळीतील एका ठोकळ्यातून अळंबी बाहेर पडते. नुकताच अळंबीसारख्या शत्रूने मार दिलेला असल्याने नवख्याला तिची भीती वाटणे साहजिक आहे. म्हणून निर्मात्यांनी एक युक्ती योजली. ती अळंबी उजवीकडे सरकते, खाली पडते, नळकांड्यावर आपटते आणि उलट फिरून मारिओकडेच येते. तिला चुकवण्यासाठी उडी मारली तरी वर विटा असल्याने डोके आपटून मारिओ पुष्कळदा तिच्यावरच येऊन पडतो. तिचा स्पर्श होताच तो मोठा होतो आणि ही वस्तू हिताची आहे हे खेळणाऱ्याला उमगते.

पुढची नळकांडी क्रमाने दोन, तीन आणि चार ठोकळे उंच आहेत. बटण अधिक काळ दाबल्याने उडी उंच जाते, हा नियम या चढत्या क्रमातून शिकवला जातो. टप्प्याच्या उत्तरार्धात समोरासमोर असलेल्या पायऱ्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मध्ये सपाट जमीन आहे. तिथे उडी चुकली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या जोडीच्या मध्ये मात्र खोल खड्डा आहे. आधी सुरक्षित जागी सराव आणि मग तीच परीक्षा जोखमीच्या जागी, असा हा क्रम आहे. चांगला शिक्षकही याच क्रमाने शिकवतो.

पाठगत प्रश्न २
(अ) नळकांड्यांच्या चढत्या उंचीमधून खेळणाऱ्याला काय शिकवले जाते?
(आ) पायऱ्यांच्या दोन जोड्यांमध्ये कोणता फरक आहे? तो का ठेवला असावा?

५. तिसरा निकष : हरण्यातील न्याय

सापशिडीत साप गिळतो तेव्हा खेळणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. दान तसे पडलेले असते. विटीदांडूत मात्र विटी झेलली गेली की आपला टोला चुकला, हे खेळणाऱ्याला कळते. पहिल्या प्रकारच्या हरण्याने माणूस नशिबाला बोल लावतो. दुसऱ्या प्रकारच्या हरण्यानंतर तो म्हणतो, ‘आणखी एकदा खेळू दे.’ प्लॅटफॉर्म खेळाची सर्वांत कठोर कसोटी हीच आहे. हरल्यानंतर खेळणाऱ्याला स्वतःची चूक दिसली पाहिजे आणि ती सुधारण्याचा मार्गही दिसला पाहिजे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या काही जगांत हा न्याय बऱ्याच अंशी पाळला जातो. खड्डा आधी दिसतो, शत्रू ठरावीक रीतीने चालतो आणि एकदा कळलेला नियम सहसा मध्येच बदलत नाही. म्हणूनच दहा वेळा हरूनही खेळणारा कंट्रोलर खाली ठेवत नाही.

६. चौथा निकष : मर्यादांचा उपयोग

या खेळाचा सर्व मजकूर केवळ ४० किलोबाइटमध्ये सामावला आहे. त्यातील ३२ किलोबाइट आज्ञावलीसाठी आणि ८ किलोबाइट चित्रांसाठी आहेत. आजच्या मोबाईलने काढलेले एखादे छायाचित्रदेखील याहून कित्येक पटींनी अधिक जागा घेते. यंत्राची कामचलाऊ स्मृती तर अवघी २ किलोबाइट होती.

अशा तुटपुंज्या साधनांतून निर्मात्यांनी वाट काढली. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच आहे; फक्त रंग बदलला आहे. मारिओचे रूपही अडचणीतूनच घडले. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळात तो प्रथम अवतरला, तेव्हा इतक्या लहान चित्रात केस आणि चेहरा रेखाटणे अवघड होते. म्हणून मियामोतो यांनी त्याला टोपी घातली, मिशा दिल्या आणि हातांची हालचाल उठून दिसावी म्हणून कामगाराचा पोशाख चढवला.

संगीताचेही तसेच आहे. मोजक्या स्वरवाहिन्यांतून कोन्दो यांनी जमिनीसाठी, भुयारासाठी, पाण्यासाठी आणि किल्ल्यासाठी वेगवेगळ्या धून बांधल्या. घड्याळातील शिल्लक शंभराच्या खाली गेली की धून वेग घेते. त्यामुळे संगीत नुसते सोबत करत नाही, सूचनाही देते. या खेळाची मुख्य धून २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट केली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला.

मात्र येथे एक विवेक ठेवावा लागतो. पडद्यावरील एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलते चित्रखंड हे यंत्र दाखवू शकत नव्हते. गर्दी झाली की चित्रे लुकलुकत. तो यंत्राचा दोष होता. मर्यादेमुळे आलेला दोष आणि निर्मात्याच्या निवडीमुळे आलेला दोष यांत गल्लत करणे पारख करणाऱ्याला शोभत नाही.

७. दोषांची नोंद

वरील सर्व गुण मान्य करूनही काही दोष नोंदवावेच लागतात. ते केवळ जुनेपणाचे नाहीत, रचनेचे आहेत.

चौथ्या आणि सातव्या जगाच्या शेवटी चकव्यासारखे किल्ले आहेत. तिथे वाटा फुटतात. चुकीची वाट धरली की तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येत राहतो आणि शेवटी वेळ संपतो. आपण चुकलो हे सांगणारी कोणतीही खूण तिथे नाही. हरण्यातील न्यायाचा जो नियम खेळाने आधी स्वतःच घालून दिला, तो येथे मोडला आहे. निर्मात्यांनाही ही उणीव जाणवली असावी, कारण १९९३ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत बरोबर आणि चूक वाटेसाठी वेगवेगळे ध्वनी देण्यात आले.

दुसरा दोष पुनरावृत्तीचा. उत्तरार्धातील काही टप्पे आधीच्याच टप्प्यांत थोडी भर घालून पुन्हा वापरले आहेत. पाचव्या जगाचा तिसरा टप्पा पहिल्या जगाच्या तिसऱ्या टप्प्याचीच अवघड आवृत्ती आहे. नवलाई संपते आणि केवळ काठिण्य उरते.

तिसरा दोष प्रगती जपून ठेवण्याविषयीचा. खेळाच्या आरंभी तीन जीव मिळतात. ते सर्व संपले की साधारणपणे पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते. गाठलेल्या जगापासून पुढे खेळण्याची एक गुप्त युक्ती आहे. परंतु ती पडद्यावर कुठेही सांगितलेली नाही. मधल्या जगांवर उडी घेणाऱ्या चोरवाटा आहेत, पण त्या मधला भागच गाळून टाकतात. दिवसभराच्या कामानंतर ज्याला अर्धाच तास मिळतो, अशा प्रौढ माणसाला तोच रस्ता रोज नव्याने तुडवावा लागतो. त्याने हा खेळ अर्ध्यावर सोडला, तर त्याला चिकाटी नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

राजकन्येच्या वाट्याला वाट पाहण्यापलीकडे काहीच येत नाही, हेही आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. कथा नाममात्र असली तरी स्त्री म्हणजे शेवटी मिळणारे बक्षीस, ही कल्पना तिने तपासून न पाहता उचलली आहे.

८. निर्णय

२०१५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ या संग्रहालयाने व्हिडिओ गेमचे जागतिक सन्मानदालन सुरू केले. त्यातील पहिल्या मानकऱ्यांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा समावेश होता. हा सन्मान या खेळाचे ऐतिहासिक महत्त्व सांगतो. परंतु ऐतिहासिक महत्त्व म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. निर्णय ज्याचा त्याने पुराव्यानिशी करायचा असतो.

वरील पुरावे एकत्र पाहिले तर असे म्हणता येते, की हा खेळ पूर्वार्धात जितका उत्तम आहे तितका उत्तरार्धात नाही. उडीचे नियंत्रण, पहिल्या टप्प्याची शिकवण आणि मर्यादांतून काढलेली वाट हे त्याचे गुण काळाने पुसले गेलेले नाहीत. चकव्याचे किल्ले, पुनरावृत्ती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सक्ती हे त्याचे दोषही आठवणींच्या प्रेमाने पुसले जाऊ नयेत. हा खेळ जिथे खेळणाऱ्याला चुकू देतो आणि त्याची चूक त्याला दाखवतो, तिथे तो श्रेष्ठ आहे. जिथे तो चूक लपवतो, तिथे त्याचा कस उतरतो.

लहानपणी ज्याने हा खेळ जिवापाड जपला, त्याला हा निर्णय कदाचित रुक्ष वाटेल. पण ज्यावर प्रेम आहे त्याचे दोष पाहूनही ते प्रेम टिकले, तर ते डोळस होते. पारख करण्यामागचा हेतूही तोच असतो.

पाठगत प्रश्न ३
(अ) यंत्राचा दोष आणि रचनेचा दोष यांचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.
(आ) चकव्याच्या किल्ल्यांमुळे खेळातील न्याय कसा मोडतो?

तुम्ही काय शिकलात?

• जुन्या वस्तूची पारख करताना तिची आठवण आणि तिचे मूल्य वेगळे ठेवावे लागते.
• नियंत्रण, शिकवण्याची रीत, हरण्यातील न्याय आणि मर्यादांचा उपयोग हे प्लॅटफॉर्म खेळाचे चार निकष होत.
• प्रत्येक मतामागे खेळातील प्रत्यक्ष पुरावा हवा.
• गुण आणि दोष दोन्ही नोंदवल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही.

शब्दार्थ

पारख – गुणदोषांची तपासणी
निकष – कसोटीचा दगड. (येथे) परीक्षेचे माप
हिणकस – भेसळ असलेले, कमी प्रतीचे
स्मरणरंजन – जुन्या आठवणींत रमणे
नवखा – अनुभव नसलेला
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
चकवा – फिरून त्याच जागी आणणारी वाट
कस उतरणे – गुणवत्ता कमी होणे

स्वाध्याय

१. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा शब्दांविना कसा शिकवतो, ते उदाहरणांसह लिहा.
२. सापशिडी आणि विटीदांडू यांच्या उदाहरणांतून हरण्याचे कोणते दोन प्रकार स्पष्ट होतात?
३. पुढील वाक्यांपैकी मत कोणते आणि माहिती कोणती, ते ओळखा :
(अ) खेळात एकूण बत्तीस टप्पे आहेत.
(आ) पूर्वार्ध उत्तरार्धापेक्षा सरस आहे.
(इ) ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे.
४. ‘ऐतिहासिक महत्त्व म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे’ या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत मांडा.
५. लहानपणी खेळलेल्या कोणत्याही एका खेळाची, मैदानी असो वा बैठा, चार निकष ठरवून पारख करा. किमान एक दोष अवश्य नोंदवा.